बातमीचा सराव

सकाळी उमाळे सरांनी अन्विताला सांगितलं, की तिचे वडील वारले. अन्विता दोरीवरच्या उड्या मारत होती. तिने दोरीचा ताल चुकू दिला नाही. "कशानं?" एवढंच विचारलं.

"अटॅक आला," सर म्हणाले.

"काल तर ट्रकखाली सापडले होते," अन्विता म्हणाली आणि उड्या मारत राहिली.

सरांनी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. हिरव्या पट्ट्याच्या मधोमध एक पांढरी ओळ चालली होती, मुंगीलाही ठेच लागू नये इतकी सपाट. सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पोरीची पाठ थोपटली आणि वडिलांच्या निधनाबद्दल नाश्त्याला एक अंडं जास्त मंजूर केलं.

बाहेरच्या माणसाला हा प्रकार निर्दय वाटेल. मुष्टियुद्धाच्या धंद्यात त्याला बातमीचा सराव म्हणत, आणि तो दोरीइतकाच रोजचा झाला होता. तो कसा सुरू झाला हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

एके काळी बॉक्सरची औषधचाचणी म्हणजे एक बाटली असे. बाटली भरायची, सील करायची, ती कुठल्यातरी लांबच्या प्रयोगशाळेत जायची, आणि निकाल येईपर्यंत जिंकणाऱ्याच्या दिवाणखान्यात विजेतेपदाचा पट्टा टांगला जाऊन हरणाऱ्याच्या नाकाचं हाडही जुळून आलेलं असायचं. कोणाची बाटली कधी घ्यायची ते बंद दाराआड ठरे. ज्याचा मॅनेजर वजनदार, त्याची बाटली वाटेत फुटे. ज्याला कोणी वाली नाही, त्याच्या बाटलीत खोकल्याचं औषधसुद्धा गुन्हा ठरे. शेवटी लोक ओरडू लागले, की आम्हाला सगळं दिसलं पाहिजे, आणि आत्ताच्या आत्ता दिसलं पाहिजे. लोक असं काही फार वर्षं मागत राहिले की ते एक दिवस मिळतं, हा त्यातला धोका कोणी लक्षात घेत नाही.

ते दिलं डॉ. हेमांगी पळसुले यांनी. त्यांनी रक्तसाक्षी नावाचा तांदळाच्या कणीएवढा एक यंत्रकण बनवला. तो मानेखालच्या शिरेत बसवायचा. रक्तात काय चाललंय ते तो अष्टौप्रहर वाचतो आणि जगाला कळवतो. पण काय वाचायचं, हीच तर खरी मेख होती. लबाडांची औषधं रोज नवी निघत. एकाचा तपास लागेपर्यंत त्याचं धाकटं भावंड बाजारात आलेलं असे. पळसुले बाईंनी वेगळा विचार केला. चोर ओळखायच्या फंदात पडूच नका, म्हणाल्या, आपलं घर ओळखा. घरातल्या प्रत्येक भांड्याचा आवाज कानात बसला असेल, तर परका आवाज झाल्याबरोबर कळतो. मग चोराचं नाव काही का असेना. म्हणून रक्तसाक्षी आधी वर्षभर नुसता ऐकत बसतो. झोपेत, उपाशीपोटी, पाळीच्या दिवसांत, ठोसे खाताना हे रक्त कसं वागतं ते शिकतो. त्यातून जे चित्र तयार होतं त्याला स्वपट म्हणतात. हिरवा पट्टा म्हणजे हा स्वपट, आणि पांढरी ओळ म्हणजे आत्ताचं रक्त. ओळ पट्ट्यात आहे तोवर माणूस स्वच्छ. बाहेर गेली की दोषी. शिंक, ठसका, ठेच यांच्यासाठी थोड्या वेळाची मुभा असे. तेवढ्यात ओळ परत आत आली तर माफ. लढतीनंतरही निकाल पक्का होईपर्यंत ओळीने पट्टा सोडता कामा नये, कारण काही औषधं मागाहून उतरतात. आणि हे सगळं रिंगच्या वर मोठ्या पडद्यावर, शिवाय ज्याला हवं त्याच्या फोनवर. दार बंद करून ठरवण्यासारखं काही शिल्लकच राहिलं नाही. न्याय इतका झाला की लोकांना थोडं चुकल्यासारखं वाटलं.

अडचण एकच निघाली. माणसाला दुःख झालं की शरीर आपणहून काही रसायनं सोडतं, आणि त्यातली काही हुबेहूब तीच निघाली जी लबाड मंडळी सुईतून घेत. ती सुईवाटे आली की फोनवाटे, हे रक्तसाक्षीला सांगता येत नव्हतं. मुष्टियुद्ध मंडळाने दयाळूपणे शोकसवलत ठेवली. पहिल्याच हंगामात बॉक्सरांच्या घरी आज्या पटापट मरू लागल्या. एकाच्या तर पाच वारल्या, आणि पाचही आईकडच्या. सवलत रद्द झाली.

मग प्रतिस्पर्ध्यांच्या गोटाला शहाणपण सुचलं. ठोसा मारून जे साधत नाही ते ओरडून साधतं. लढत ऐन रंगात आली की प्रेक्षकांतून कोणी हाक मारी, अरे तुझं घर पेटलं. ओळ उडाली की सामना खलास. त्यावर उपाय म्हणून कोरा आठवडा आला: लढतीआधी बॉक्सरचा फोन काढून घ्यायचा आणि त्याला कसलीच बातमी लागू द्यायची नाही, चांगली नाही आणि वाईट तर नाहीच. तेही पुरेना, म्हणून गुरुमंडळींनी बातमीचा सराव काढला. रोज एक वाईट बातमी द्यायची, रक्ताला तिची सवय होईपर्यंत. बॉक्सर जसजसे आरपार दिसू लागले, तसतसा त्यांना बाहेरचं काही न दिसू देण्याचा खर्च वाढत गेला.

अकोल्याचे उमाळे सर या सरावात सगळ्यांत पुढे होते. अन्विता डाबेराव शाळेत असल्यापासून त्यांच्याकडे होती. तिला पहिल्यांदा वडील गेल्याचं सांगितलं, तेव्हा ओळ छताला गेली होती. पोरीने तिथेच ओकारी केली, आणि खरं कळल्यावर ग्लोव्ह काढून सरांच्या तोंडावर फेकला होता. ही आठवण सर सहसा काढत नसत. पुढे अख्खं घर या कामाला लागलं. धाकटा भाऊ संदेश फोनवर इतकं सुरेख रडायचा की कोणी त्याला नाटकात घ्यावं. वडील गुलाबराव, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले, मुलीच्या विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी कितीदा मेले याला गणती नव्हती. आणि अन्विताची ओळ हळूहळू अशी बसली, की देशभरचे गुरू ती आपल्या पोरांना दाखवू लागले.

आता राष्ट्रीय विजेतेपदाची लढत उद्या संध्याकाळवर आली होती. पुण्याच्या क्रीडासंकुलात ते उतरले होते, आणि पोरगी अंड्यांवर ताव मारत होती, तोच संदेशचा फोन आला. तो रडत होता.

"आज नको रे," सर म्हणाले, "आजचा सराव झाला."

पलीकडे संदेशने नाक ओढलं. मग संदेश म्हणाला, "सर, सराव नाई हा."

पहाटे गुलाबरावांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू गेली होती. शुद्ध होती, पण डॉक्टरांनी उद्याच्या दिवसाची खात्री दिली नव्हती. बोलणं जवळपास बंद झालं होतं. जे काय थोडं फुटत होतं त्यात एकच नाव होतं, आणि अनूला बोलवा असा डाव्या हाताचा इशारा.

सर मैदानाच्या कडेकडेने फिरत राहिले. अन्विताच्या समोर जायची त्यांना चोरी झाली, कारण पोरगी तोंडं वाचण्यात तरबेज होती. रिंगमध्ये समोरच्याच्या पापणीवरून तिला डावा ठोसा कळायचा. सरांच्या शिरेत रक्तसाक्षी नव्हता ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. असता तर ते तेव्हाच बाद झाले असते. सांगावं, तर ओळ उडून आयुष्यभराची मेहनत मातीत. न सांगावं, तर बाप लेकीची वाट बघत जाणार. शेवटी ज्यांच्या यंत्रापाशी हे घोडं पेंड खात होतं त्यांनाच विचारावं, म्हणून ते मंडळाच्या खोलीत गेले.

डॉ. पळसुले लढतीची यंत्रणा तपासायला आल्या होत्या आणि डबा खात होत्या. बाई स्वभावाने गोड. सरांना त्यांनी आधी लिंबाचं लोणचं घ्यायला लावलं. सरांनी लांबून सुरुवात केली. समजा, एखाद्या मुलीचा बाप अत्यवस्थ आहे.

"कोणत्या मुलीचा?"

"समजाच म्हणतो मी."

बाईंनी समजून घेतलं, आणि पुढे सगळं समजाच्याच भाषेत बोलल्या. यंत्राला कारण कळत नाही, म्हणाल्या. ते कळावं अशी सोय करता येईल, पण मग कारण खरं की खोटं हे कोणीतरी ठरवायला बसेल, त्याला खोली लागेल, खोलीला दार लागेल, आणि ते दार बंद होईल. "तेच तर आपण मोडलं ना, सर?"

सरांना हे पटलं, आणि पटल्यामुळे जास्तच त्रास झाला.

"पण तुमच्या मुलीची तर ओळ हलतच नाही," बाई म्हणाल्या. "मी दाखवते ती विद्यार्थ्यांना. मग अडचण काय आहे? सांगून टाका. पट्ट्यात राहिली तर लढेल, नाही राहिली तर घरी जाईल. दोन्ही न्याय्यच आहे."

इतकं साधं होतं. सरांनी विचारलं, सराव खोट्या बातमीचा झालाय, खरीलाही तो पुरेल का? बाईंनी डब्याचं झाकण लावलं. रोज थंड पाण्यात हात घातला, की हाताला थंडी वाजेनाशी होते, म्हणाल्या. शब्दाचंही तसंच असावं.

"फक्त हाताला पाण्याची सवय होते, की थंडीच कळेनाशी होते, ते आम्ही अजून तपासलेलं नाही."

"केव्हा तपासाल मॅडम?"

"कोणी मागणी केली की."

दुपारी सर अन्विताच्या खोलीत गेले. ती पाय भिंतीला लावून पडली होती. सर खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले आणि म्हणाले, की गुलाबरावांचं काही खरं नाही, ते दवाखान्यात आहेत, तुला बोलावतात.

अन्विताने मान तिरपी करून त्यांच्याकडे पाहिलं.

"सर, काहून दिवसातून दोनदा मारता माह्या बापाले? सकाळीच तर मारलं."

"खरं सांगून राहिलो, पोरी."

"खरं असतं तं तुम्ही सांगतलंच नसतं," ती म्हणाली. "उद्या फायट हाय. तुम्ही खरी बातमी मले आज सांगान?"

हा नियम त्यांचाच होता, आणि पोरीने तो चोख पाठ केला होता. त्यांनी देवाची शपथ घेतली. ती त्यांनी दिवाळीच्या आधीच्या सरावातही घेतली होती, तिने आठवण करून दिली. शेवटी त्यांनी संदेशला फोन लावून समोर धरला. संदेश नुसता रडत सुटला. अन्विता त्याला निरखून म्हणाली, की गेल्या खेपेला तू जास्त चांगला रडला होतास, आज घाई करून राहिला.

मग संदेशने फोन खाटेकडे वळवला.

गुलाबरावांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. नाकात नळी होती. त्यांनी लेकीला ओळखलं. डावा हात उचलून त्यांनी बोटं दुमडली, उघडली, दुमडली, ये, ये. तोंडातूनही तेच येऊ पाहत होतं, पण अक्षर पुरं होत नव्हतं.

"बाबा, आज लय भारी केलं तुम्ही," अन्विता म्हणाली. "तोंड कसं काय वाकडं केलं? दुखत असन न?" मग ती जरा पुढे झुकली. "आता आराम करा. पट्टा घेऊनच येतो घरी."

गुलाबरावांचा चांगला राहिलेला अर्धा चेहरा हसला. निदान सरांनी पुढे स्वतःला तसंच सांगितलं. खोलीतल्या पडद्यावरची ओळ जिथे होती तिथेच चालत राहिली.

आता सरांच्या हातात एकच गोष्ट उरली. गुरूने मंडळाला 'माघार' एवढा एक शब्द कळवला की लढत रद्द होते आणि बॉक्सर घरी जातो. सर मंडळाच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दार आता उघडंच असायचं. आत पळसुले बाई दिसत होत्या. त्यांनी हात हलवला, सरांनीही हलवला आणि ते परत फिरले. पोरगी आपल्याला जन्मभर माफ करणार नाही, हे एक कारण त्यांनी स्वतःला दिलं. हा पट्टा गुलाबरावांनाच सगळ्यांत जास्त हवा होता, हे दुसरं. आणि तिसरं कारण इतकं भक्कम होतं की पहिल्या दोनांची गरजच नव्हती: आपण तर सांगितलं. लपवलं काहीच नाही. सगळं उघड झालं, नियमाप्रमाणे झालं. पोरीने ऐकलं नाही, त्याला आपण काय करणार? पारदर्शकतेचा हा फायदा सरांना आजवर माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते अन्विताच्या मुठींना पट्ट्या बांधत असताना खिशातला फोन थरथरला. सरांनी तो काढला नाही. पट्टी बोटांमधून घ्यायची, मनगटाला वेढा द्यायचा, पुन्हा बोटांमधून. फोन थांबला आणि परत थरथरला. अन्विता त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, म्हणून त्यांनी पट्टीवरून नजर उचललीच नाही.

लढत अन्विताने गुणांवर जिंकली. समोरची रोहतकची मुलगी उंच होती, हात लांब होते, पण चौथ्या फेरीनंतर तिच्या पायांतली जान गेली. प्रेक्षकांतून नेहमीप्रमाणे घरं पेटवली गेली, माणसं मारली गेली. कोणीतरी तर तुझा बाप मेला असंही ओरडलं, आणि तो माणूस त्या सभागृहात खरं बोलणारा एकमेव होता हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. वरच्या पडद्यावरच्या ओळीने लढतीची ठरलेली चढण घेतली, ठरलेली उतरण घेतली. समालोचक भारावून म्हणाला, की इतकी स्वच्छ मुलगी या खेळाने पाहिलेली नाही.

ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. सरांनी फोनवरचा निरोप आत्ताच वाचला होता; ते तिच्यापुढे गुडघे टेकून ग्लोव्हची नाडी सोडू लागले.

"अनू, बाबा गेले."

"सर, आता तं फायट बी संपली न," ती हसून म्हणाली. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला. सर रडत होते. सरावात संदेश रडायचा, मावश्या रडायच्या, सर कधीच रडत नसत. त्यांना पडद्याकडे पाहायचं असे.

अन्विताचं हसू जागच्या जागी थांबलं. तिला कळतंय, पटतंय, हे सरांना स्पष्ट दिसलं. तिने मान वळवून वर पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"यंत्र बिघडलं काय जी?" तिने विचारलं.

यंत्र बिघडलं नव्हतं.

ते अकोल्याला पोचले तेव्हा उन्हं चढली होती. अंगणात मांडव घातला होता, गुलाबरावांना पुढच्या खोलीत निजवलं होतं. अन्विता त्यांच्या उशाशी जाऊन बसली. तिने त्यांचा डावा हात हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. माणसं येत, गुलाबरावांच्या पाया पडत, आणि हळूच फोन काढून तिची ओळ बघत. त्यात वाईट असं काही नव्हतं. अख्खा देशच बघत होता. निकाल पक्का व्हायला अजून वेळ होता. मावशीने फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि शेजारणीला म्हणाली, "पोट्टीच्या रक्तात काईच नाई वो."

ते अन्विताला ऐकू गेलं. तिने सरांना खुणेने जवळ बोलावलं.

"सर, मले रडू येत नाई," ती हळू आवाजात म्हणाली. "आतून काहीतरी ढकलून राहिलं, पण येत नाई. तुम्ही सांगतलं, संदेशनं सांगतलं, मी हात लावून पायलं. तरी नाई. तुम्ही मले उलटं कधी सांगतलंच नाई."

"उलटं म्हणजे?"

"की ते बरे हायेत. त्याचा सराव नाई झाला आपला. एकदा सांगून पाहा न."

सरांना धोका कळत होता. निकाल पक्का झालेला नव्हता. मांडवातले सगळे फोन बघत होते, पुण्यात मंडळ बघत होतं, रोहतकची माणसं तर डोळ्यांत तेल घालून बघत होती. पण पोरगी त्यांच्याकडे अशी पाहत होती, जशी ती शाळेत असताना पहिल्यांदा ग्लोव्ह मागायला आली तेव्हा पाहत होती. सर तिच्या शेजारी मांडी घालून बसले. चांगली बातमी असो की वाईट, बारकाव्यांशिवाय ती लागत नाही, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं.

"अनू," ते म्हणाले, "तुह्या बाबाले बरं हाय. दवाखान्यातून सुट्टी भेटली. संदेशसंग आटोत बसले. चप्पल भेटत नोती म्हणून उशीर झाला. तुह्या पट्ट्याचं त्याहिले सांगतलं मी. म्हणे, तिले म्हणा जेवू नको, मी आल्यावर संग जेवू."

आधी अन्विताची हनुवटी हलली. मग घशातून एक आवाज निघाला, दार पावसात फुगून अडकलेलं असावं आणि कोणी खांदा देऊन ते ढकलावं तसा. सरांच्या हातातल्या फोनवर ओळीने डोकं वर काढलं. ती चढत गेली, पट्ट्याच्या काठाला भिडली आणि पलीकडे गेली. ओळ लाल झाली. मांडवात फोन एकापाठोपाठ वाजू लागले. गेलं, कोणीतरी म्हणालं, टायटल गेलं. अन्विताने बापाच्या छातीवर डोकं टेकलं होतं आणि तिची पाठ गदगदत होती.

"श्वास सोड," सर म्हणाले.

ते बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीने शब्द आपले आपण बाहेर आले, आणि मागोमाग हातही तिच्या पाठीवर गेला. "हळू सोड. खाली घे पोरी, खाली घे."

तिने श्वास सोडला. तिचेही तितक्याच वर्षांचे कान होते. खांदे उतरले, पाठ थांबली. लाल ओळ जराशी घुटमळली, मग वाकली, काठाशी आली आणि आत शिरली. पांढरी झाली. मुभेची वेळ संपायला अजून एक क्षण बाकी होता.

मांडवाने सुटकेचा श्वास टाकला. दाराशी उभ्या असलेल्या कोणीतरी टाळी वाजवली आणि शरमून हात खाली घेतले. संदेश भिंतीला टेकून खाली बसला. मावशीने देवाला हात जोडले.

अन्विताने डोकं उचललं. गालावर ओलं होतं, ते तिने मनगटाने पुसलं, दोन फेऱ्यांच्या मधे पुसायची तसं. मग तिने सरांकडे पाहिलं.

"ठीक हाय न, सर?"

सरांनी फोनवर नजर टाकली. ओळ सपाट होती.

"ठीक हाय," ते म्हणाले.